वाचकांनी भरवलेलं संमेलन

विज्ञानकथांच्या चाहत्यांची संमेलनं आज जगभर भरतात. त्यांचं मूळ शोधत मागे गेलं की आपण एका मासिकाच्या वाचकपत्रांच्या पानावर येऊन पोहोचतो. ह्यूगो गर्न्सबॅक हे लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेले गृहस्थ. रेडिओचे सुटे भाग विकणारे आणि त्याच विषयावर मासिकं काढणारे. एप्रिल १९२६मध्ये त्यांनी न्यूयॉर्कहून ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं. केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं इंग्रजीतलं हे पहिलं मासिक. वाचकांची पत्रं ते छापत आणि प्रत्येक पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ताही देत.

या पत्त्यांनी जे केलं ते नुसत्या कथांच्या हातून झालं नसतं. असलं काही वाचणारा मुलगा आपल्या शाळेत आणि आपल्या गल्लीत बहुधा एकटाच असे. थोरांच्या लेखी ते वेळ वाया घालवणारं वाचन. आता त्याला दुसऱ्या गावातला आपल्यासारखाच कोणीतरी नाव-पत्त्यासह सापडला, आणि संपादकाला मध्ये न घेता वाचक थेट एकमेकांना लिहू लागले. १९३०मध्ये त्यांनी ‘द कॉमेट’ हे स्वतःचं नियतकालिक काढलं. १९३४मध्ये गर्न्सबॅक यांनी ‘वंडर स्टोरीज’ या आपल्या पुढच्या मासिकातून ‘सायन्स फिक्शन लीग’ची घोषणा केली आणि गावोगावी तिच्या शाखा निघाल्या. मासिकाचा खप वाढावा हा त्यामागचा हिशेब असणारच. पण शाखा आली की बैठक येते, आणि बैठक आली की शेजारच्या गावच्या शाखेला भेटायची ओढही लागते.

ऑक्टोबर १९३६मध्ये न्यूयॉर्कची काही पोरं रेल्वेने फिलाडेल्फियाला गेली आणि तिथल्या चाहत्यांना मिल्टन रॉथमनच्या घरी भेटली. या भेटीला ‘कन्व्हेन्शन’ म्हणायचं, ही कल्पना डोनाल्ड वोलहाइमची. लगेच रॉथमन अध्यक्ष झाला आणि सोळा वर्षांचा फ्रेडरिक पोल चिटणीस. महामंदीच्या दिवसांत, खिशात फारसं काही नसताना, या मुलांनी आपल्या गप्पांना सभेचा दर्जा दिला. मला तरी या कुळकथेतला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. आपलं वाचन ही लपवायची गोष्ट नाही, असं त्यांनी त्या दिवशी ठरवून टाकलं.

मात्र पहिलेपणाचा मान इंग्लंडमधलं लीड्सही मागतं. ३ जानेवारी १९३७ रोजी तिथल्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये सभा झाली. ती आधी जाहीर झाली होती, तिच्यासाठी सभागृह ठरलं होतं आणि कार्यक्रमही आखलेला होता. माणसं मूठभरच आली. त्यांत लंडनच्या सरकारी हिशेबतपासणी खात्यात नोकरी करणारा एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता. देशभराची एक संघटना असावी, असं तिथे ठरलं. फिलाडेल्फियाने या प्रथेला नाव दिलं. पण संमेलन म्हणजे कोणालाही येता येईल असा जाहीर मेळा, असं मानलं तर माझं मत लीड्सलाच.

आपल्याकडे १८७८मध्ये पुण्यात लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी बोलावलेलं संमेलन ग्रंथकारांचं होतं. वाचक पुढे त्याभोवती जमत गेले. विज्ञानकथांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. संमेलन वाचकांनी उभं केलं आणि लेखक त्यांच्यातूनच पुढे आले.

१९३९मध्ये न्यूयॉर्कला ‘उद्याचं जग’ हा विषय घेऊन जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याचं निमित्त साधून २ ते ४ जुलैला मॅनहॅटनमधल्या कॅरव्हान हॉलमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन झालं. अध्यक्ष सॅम मॉस्कोविट्झ नुकताच एकोणीस वर्षांचा झाला होता. सुमारे दोनशे लोक आले. सन्माननीय पाहुणे होते फ्रँक पॉल, म्हणजे ‘अमेझिंग’च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ रंगवणारे चित्रकार. लेखकाआधी चित्रकाराचा सत्कार व्हावा, हे फार योग्य झालं. अनेकांनी ते मासिक हाती घेतलं ते चित्र पाहूनच. फ्रिट्झ लँग यांचा ‘मेट्रोपोलिस’ दाखवण्यात आला. लॉस एंजेलिसहून रे ब्रॅडबरी आला तो मित्र फॉरेस्ट ॲकरमनकडून उसने पैसे घेऊन. आपला चित्रकार मित्र हॅनेस बोक याची चित्रं त्याने बरोबर आणली आणि ‘विअर्ड टेल्स’च्या संपादकांना दाखवली. त्याच डिसेंबरात बोकचं चित्र त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं. ॲकरमन आणि मर्टल डग्लस ही दोघं ‘थिंग्ज टू कम’ या चित्रपटावरून सुचलेला भविष्यकाळातला पोशाख घालून आली होती. तो डग्लस यांनी शिवला होता. आज ज्याला कॉस्प्ले म्हणतात त्याच्या इतिहासात त्यांचं नाव अग्रभागी हवं. बराच काळ मात्र बोलबाला झाला तो ॲकरमनचाच.

याच संमेलनाच्या दारात एक कटू प्रसंगही घडला. वोलहाइम, पोल, जॉन मिशेल, रॉबर्ट लाउंडेस, सिरिल कॉर्नब्लुथ आणि जॅक गिलेस्पी या सहा जणांना आत सोडलं नाही. हे सारे ‘फ्युचरियन्स’ गटाचे, डाव्या विचारांकडे झुकलेले. चाहत्यांनी निव्वळ कथा वाचाव्यात की जग बदलायलाही झटावं, हा वाद दोन वर्षं धुमसत होता. त्यात आयोजकांवर हुकूमशाहीचा आरोप करणारी पत्रकं सापडली आणि संशय बळावला. पत्रकं डेव्ह काइल याने काढली होती. तो मात्र सभागृहातच होता. त्याच गटात वावरणारा आयझॅक ॲसिमॉव्हही आत गेला. वाद खरा होता, मुद्देही महत्त्वाचे होते. पण ज्यांच्यातल्या दोघांनी तीन वर्षांपूर्वी पहिली सभा घडवली, त्यांनाच बाहेर उभं करणं मला आजही अन्यायाचंच वाटतं. पुढे १९७२मध्ये पोल आणि १९८८मध्ये वोलहाइम याच जागतिक संमेलनाचे सन्माननीय पाहुणे झाले.

भांडणाने प्रथा मोडली नाही. १९४०मध्ये शिकागो आणि १९४१मध्ये डेन्व्हर अशी ती गावं बदलत राहिली. दर वर्षी नवं शहर आणि तिथलेच हौशी आयोजक, ही रीत तेव्हाच रुळली. लॉस एंजेलिसचं संमेलन १९४२मध्ये व्हायचं होतं, पण अमेरिका युद्धात उतरली. ते रद्द न करता पुढे ढकललं गेलं आणि जुलै १९४६मध्ये त्याच शहरात भरलं.