डॉक्टरांकडे जाताना औषधांची स्ट्रिप सोबत न्या

मुलुंडमधल्या माझ्या दवाखान्यात ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की अनेकदा उत्तर येतं, ‘बीपीची, ती छोटी पांढरी गोळी.’ पण छोट्या पांढऱ्या गोळ्या कितीतरी असतात. म्हणून आठवणीवर विसंबू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा.

नाव वेगळं, औषध एकच: क्रोसिन आणि डोलो, दोन्हींत पॅरासिटामॉलच असतं. दोन्ही एकदम घेतल्यास डोस दुप्पट होतो. जास्त डोसमुळे यकृताला इजा होऊ शकते. सरकारी रुग्णालयातून मिळालेली अ‍ॅम्लोडिपिन आणि खासगी डॉक्टरांनी ब्रँडच्या नावाने लिहिलेली गोळी एकच असू शकते.

हेही सांगा:
- गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेली डायक्लोफेनॅक. तिने बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो.
- इन्सुलिन, दम्याचा पंप, डोळ्यांचे थेंब, गर्भनिरोधक गोळ्या.
- काढे, चूर्णं. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतल्यास बीपी वाढतं.
- रक्त पातळ करणारी गोळी. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना जरूर सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका.
- पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली होती का.

चुकलेले डोसही लपवू नका. गोळी तुम्ही घेताय असं समजून बीपी वाढलेलं दिसलं, तर आम्ही डोस वाढवतो. मग तुम्ही नियमित घेऊ लागलात की बीपी एकदम उतरून चक्कर येऊ शकते. ‘पैसे नव्हते’ किंवा ‘विसरलो’ असं मोकळेपणाने सांगा. उपाय त्यावरूनच ठरतो.