वगळलेल्या मुलखातील नागरिक

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेलगत सुरगाणा तालुका वसला आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली आदी आदिवासी समाजांचा हा मुलूख. 1948 साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत सुरगाणा हे देशमुखांचे एक लहानसे संस्थान होते. तेथील माणूस प्रजा होता, नागरिक नव्हता.

मात्र शेजारच्या इंग्रजी मुलखातील आदिवासी अधिक सुदैवी होता, असे म्हणता येत नाही. 1935 च्या कायद्याने देशातील काही प्रदेश 'वगळलेले' व 'अंशतः वगळलेले' ठरविले. नाशिक जिल्ह्यातील पेठ व कळवण हे भाग दुसऱ्या वर्गात पडले. लोकनियुक्त विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरच्या हुकुमाशिवाय येथे लागू होत नसे. सावकार व जमीनदार यांच्यापासून ह्या भोळ्या लोकांचे रक्षण करावयाचे, असे त्याचे समर्थन होते. हेतू कदाचित प्रामाणिकही असेल. परंतु ज्याचे रक्षण करावयाचे त्याला विचारण्याची गरज कोणास भासली नाही; जन्मानेच तो अजाण ठरला होता.

त्याचे फळ काय मिळाले? 1939 साली सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील ह्याच भागांविषयी अहवाल सादर केला. त्यात वेठबिगारीचे आणि कर्जाच्या फासाचे विदारक चित्र आहे. वगळल्याने संरक्षण लाभले नाही; केवळ आवाज गेला.

वंशभेदाचा लोकशाहीशी असलेला विरोध येथेच उघड होतो. वंशभेद माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवितो, तर परकीयद्वेष त्याचे गाव व त्याची बोली पाहून त्याला उंबरठ्याबाहेर उभे करतो. लोकशाहीचा पाया याच्या नेमका उलट आहे: ज्याच्यावर राज्य चालते, त्याचा त्या राज्यात वाटा असला पाहिजे. एका समूहाचे मत कमी मोलाचे मानले की त्याचे दुःख सरकारच्या कानी जात नाही. आणि जे कानी जात नाही त्यावर उपायही होत नाही.

डिसेंबर 1946 मध्ये घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी ह्याच तुच्छतेला उत्तर दिले. 'जंगली' हे नाव त्यांनी अभिमानाने स्वीकारले आणि आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, अशा आशयाचे उद्गार काढले. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमाने वंश व जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करण्यास मनाई केली, तर 326 व्या कलमाने प्रत्येक प्रौढास मत दिले.

तरीही पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर आदिवासी सरकारदरबारी 'अतिक्रमक'च राहिला. आपल्याच रानात तो परका! हा ऐतिहासिक अन्याय होता, अशी कबुली संसदेने 2006 च्या वनहक्क कायद्यात दिली. कायदा झाला, पण कसणाऱ्यांच्या नावे पट्टे होईनात. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या किसान मोर्चात सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. सुमारे 180 किलोमीटर चालून पाय सोललेले. तरी दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटची वाट त्यांनी रात्रीच तुडविली. नागरिकत्वाचा धडा त्या रात्री कोणी कोणास दिला?

2022 च्या अखेरीस ह्याच तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी रस्ते, पाणी व आरोग्य यांच्या हेळसांडीला कंटाळून गुजरातेत सामील करण्याची मागणी केली. ही मागणी परकेपणाची नव्हती. परके म्हणून वागविले गेल्याची होती.

आम्हांस वाटते, लोकशाहीची परीक्षा मतपेटीपुरती संपत नाही. 'वारली', 'कातकरी', 'परप्रांतीय' हे शब्द आपल्या बोलण्यात नुसती ओळख म्हणून येतात की शिवी म्हणून, यावरही तिचे आयुष्य अवलंबून आहे. कायद्याने पुसलेली 'वगळलेल्या मुलखाची' सीमा पुन्हा आखण्यास गव्हर्नर लागत नाही; आपली जीभ पुरेशी असते.