चॅसी क्रमांक ३५८६

'द इटालियन जॉब' (१९६९) या चित्रपटाच्या आरंभी आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातून एक नारिंगी लॅम्बोर्गिनी म्यूरा धावते, बोगद्यात शिरते आणि बुलडोझरवर आदळते. पुढे तिचा चेंदामेंदा दरीत ढकललेला दिसतो. धावणारी म्यूरा नेमकी कोणती, यावर शौकिनांत अनेक दशके वाद होता.

पहिला साक्षीदार अर्थातच चित्रपट. गाडी पी४०० जातीची, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, एवढे त्यावरून ठरते. पण अशा म्यूरा एकापेक्षा अधिक होत्या.

दुसरा साक्षीदार एन्झो मोरुत्झी. चित्रीकरणासाठी गाडी पोचवणारा आणि चालवणारा कंपनीचा माणूस. त्याच्या सांगण्यानुसार निर्मात्यांना दोन गाड्या हव्या होत्या. एक आधीच अपघातात सापडलेली होती. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी कारखान्यात जवळजवळ तयार होती. तिची पांढऱ्या चामड्याची आसने मळू नयेत म्हणून चाचणीच्या गाड्यांत वापरायची काळी आसने बसवली. डोके टेकवायच्या उशा मात्र वेळेत बदलता आल्या नाहीत.

पन्नास वर्षांनंतरची आठवण म्हणून ही साक्ष जपूनच घ्यायला हवी. पण ती पडताळता येते, आणि इथे खरा आनंद आहे. म्यूराचे ३९२९ घनसेंटिमीटरचे बारा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या लगेच मागे, आडवे बसवलेले असते. मध्ये काचेचा पडदा, आणि उशा आसनांना नव्हे, त्या काचेलाच जोडलेल्या. म्हणूनच आसने निघाली तरी उशा राहिल्या. चित्रपट थांबवून पाहावा: काळ्या आसनांवर पांढऱ्या उशा स्पष्ट दिसतात. चालकाच्या शब्दाला पडद्यावर दुजोरा मिळतो.

तिसरा आधार कारखान्याच्या दप्तराचा. लॅम्बोर्गिनीच्या 'पोलो स्टोरिको' या वारसा विभागाने जुनी कागदपत्रे धुंडाळली, प्रत्यक्ष गाडी तपासली, जुन्या कर्मचाऱ्यांच्या साक्षी घेतल्या आणि २०१९ मध्ये चॅसी क्रमांक ३५८६ प्रमाणित केला. गाडी तेव्हा लिश्टेन्श्टाइनमधल्या एका संग्रहात होती. प्रमाणपत्र देणारी संस्था कंपनीचीच, हे लक्षात ठेवावे. तरी तीन वेगळ्या वाटांनी आलेला पुरावा एकाच गाडीपाशी थांबतो, याला माझ्या लेखी मोठे वजन आहे.

दरीतल्या गाडीची गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी तिचे अवशेष जागेवर नव्हते, असे सांगतात. कथा रंजक आहे, पण ऐकीव. तेव्हा घाटात धावलेली गाडी ३५८६ हीच, हे सिद्ध धरावे. दरीतल्या गाडीचा क्रमांक कुणी छातीठोकपणे सांगू लागले, तर आधी कागद मागावा.