वाद्य, रियाज आणि दुखरे हात

खडी गंमत ज्यांनी भंडारा जिल्ह्यात पाहिली आहे, त्यांना तिच्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. झाडीपट्टीच्या या लोकनाट्यात कलावंत उभ्यानेच गातात, उभ्यानेच नाचतात आणि ढोलकीवालाही ढोलकी कमरेला बांधून उभाच असतो. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत हे खेळ रात्र रात्र चालतात. लोककलेच्या अभ्यासकांनी त्यातील गण, गौळण आणि लावणी यांचा परामर्श घेतला. पहाटेपर्यंत ताल धरणाऱ्या त्या माणसाच्या खांद्यांचा आणि कमरेचा इतिहास मात्र लिहिला गेला नाही.

ही उपेक्षा केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. कारागिरांच्या व्याधींवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) यांनी १७०० साली खाणकामगार व कुंभार यांच्या बरोबरीने गायक-वादकांचाही विचार केला, तेव्हा तो अपवादच होता. लेखनिकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे दिली आहेत : सतत बैठक, हाताची तीच ती अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. वाद्य शिकणाऱ्या मुलाकडे पाहिले तर ही तिन्ही कारणे त्याच्या ठायी एकत्र आलेली दिसतात. तीनशे वर्षांत या निदानात भर पडली आहे. ते खोडले गेलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या मध्यमवर्गीय घरांत पियानो आला आणि बोटे झटपट तयार करण्याची घाईही त्याच्या मागोमाग आली. १८१४ साली योहान लोगिए याने विद्यार्थ्याचे हात ठराविक स्थितीत जखडून ठेवणाऱ्या एका सांगाड्याचे पेटंट घेतले. अशी यंत्रे पुढे बरीच निघाली व खपलीही. तरुण रॉबर्ट शूमान यानेही बोटांसाठी एक यांत्रिक साधन वापरले होते. त्याच्या उजव्या हाताचे नेमके काय बिघडले याविषयी वैद्यांत आजही एकवाक्यता नाही. परंतु १८३२ च्या सुमारास त्याची पियानोवादक होण्याची आशा मावळली, हे निश्चित. तो संगीतरचनेकडे वळला म्हणून जगाचा लाभ झाला, असे म्हणण्याची प्रथा आहे. मला ते सांत्वन फारसे पटत नाही. ज्यांच्यापाशी रचनेची प्रतिभा नव्हती अशा कितीतरी विद्यार्थ्यांचे हात दुखले आणि त्यांनी वाद्य मिटून ठेवले. त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

आपल्याकडे रियाजाला साधनेचे वलय आहे. चाळीस दिवस एकांतात राहून अखंड रियाज करण्याच्या ‘चिल्ल्या’च्या कथा घराण्यांतून आदराने सांगितल्या जातात. हात दुखला तर साधना कच्ची, असा त्यांचा अर्थ लावला जातो. तपाचे मोल धर्मगुरूला कोणी शिकवावयास नको. परंतु सुजलेली मनगटे हे तप नव्हे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याचा विस्तार केला. वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा या व्यवस्थेमुळे सामान्य घरांतील मुलांना संगीताचे दार उघडले. हे ऋण मोठे आहे. मात्र परीक्षेबरोबर परीक्षेचा हंगामही आला : दहा महिने वाद्य कोपऱ्यात आणि शेवटच्या महिन्यात दिवसाला चार-चार तास.

गोव्याच्या धर्मग्रामशाळांची गोष्ट आपल्या समाजाला अधिक जवळची आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या या शाळांतून ‘मेस्त’ मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे कितीतरी गोमंतकीय वादक त्याच परंपरेतून आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकी एक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. आठव्या वर्षी व्हायोलिन हाती घेतलेले प्यारेलाल दिवसाला आठ ते बारा तास रियाज करीत, असे सांगितले जाते. त्यांना ते मानवले. पण जे टिकले त्यांच्यावरून नियम बांधणे धोक्याचे असते.

कारण जगप्रसिद्ध झालेल्याचेही शरीर पुढे हिशेब मागू शकते. यहुदी मेनुहिन (१९१६–१९९९) याने बाराव्या वर्षी, १९२९ साली, बर्लिनमध्ये एकाच संध्याकाळी बाख, बेथोव्हेन व ब्राम्स यांच्या रचना वाजवून लोकांना थक्क केले होते. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले. त्यानंतर मात्र हात पूर्वीसारखा चालेना. आपण लहानपणी केवळ अंतःप्रेरणेने वाजवीत होतो, शरीर कसे वापरावे हे शिकलोच नव्हतो, हे त्याला उमगले. १९५१ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असताना एका अस्थिचिकित्सकाच्या प्रतीक्षालयात योगासनांचे एक लहानसे पुस्तक त्याच्या हाती पडले. पुढल्याच वर्षी तो भारतात आला आणि मुंबईत त्याची भेट पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांच्याशी झाली. पाहुण्यापाशी वेळ अगदी थोडा होता. अय्यंगारांनी त्याला शवासनात निजविले आणि तो गाढ झोपी गेला, अशी आठवण सांगितली जाते. १९५४ साली त्याने अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलाविले. त्यांच्या १९६६ च्या योगविषयक ग्रंथाला प्रस्तावनाही लिहिली.

मला या कथेतला योगाचा विजय तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की, पस्तिशी ओलांडलेल्या एका विख्यात वादकाने आपल्या दुखण्याला दुबळेपणा न मानता प्रश्न मानले. १९६३ साली त्याने इंग्लंडमध्ये मुलांसाठी संगीतशाळा काढली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्हायोलिनच्या सहा पाठांच्या पुस्तकात आरंभीचे व्यायाम वाद्य हाती न घेताच करावयाचे आहेत.

वैद्यकशास्त्र जागे होण्यास बराच उशीर झाला. १९८०च्या दशकात अमेरिकेतील ४८ वाद्यवृंदांची पाहणी झाली आणि उत्तर देणाऱ्या २,२१२ वादकांपैकी ७६ टक्क्यांनी वादनात अडथळा आणणारे किमान एक तरी गंभीर दुखणे असल्याचे कळविले. पुढील अभ्यासांत विद्यार्थ्यांसंबंधी जी कारणे पुनःपुन्हा पुढे आली ती तशी साधीच आहेत. रियाजाचे तास एकाएकी वाढविणे हे त्यांतील ठळक. विश्रांतीविना सलग बसणे, वाद्य बदलताच किंवा गुरू बदलताच जुन्याच जोमाने वाजवीत राहणे, पूर्वीचे दुखणे अंगावर काढणे आणि परीक्षेची धास्ती ही आणखी काही. मुलींत तक्रारी अधिक आढळतात. हाताच्या मानाने वाद्य मोठे असणे हे त्यामागील एक संभाव्य कारण मानले जाते. गुरूसमोर ‘दुखते’ म्हणण्याचा संकोच कोणत्याही तपासणीत दिसत नाही, पण तोही दुखणे वाढवितो.

आपल्या विभागातील चर्चमध्ये, भजनी मंडळात आणि शाळेत जे वाद्य सर्वत्र आढळते त्या पेटीचेच पाहावे. पॅरिसमध्ये १८४०च्या दशकात घडलेल्या मूळ हार्मोनियमचा भाता पायाने चालविला जाई. वादक खुर्चीवर बसे आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असत. भारतात तिचे पाय गेले, ती जमिनीवर आली, आणि भाता डाव्या हाताकडे आला. त्यामुळे पेटी खांद्यावरून गावोगाव नेता येऊ लागली. पण वादकाचे धड एका अंगाला वळले ते वळलेच. मोठ्या माणसाला हे जमून जाते. आठ वर्षांचे मूल सतरंजीवर बसले की पट्ट्या त्याच्या कोपराच्या वर येतात, म्हणून ते सारा वेळ उजवा खांदा उचलून वाजविते. त्याच्याखाली चादरीची जाड घडी दिली की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येते व खांदा खाली उतरतो. वीस मिनिटे झाली की त्याला उठवावे, हात झटकू द्यावेत आणि दुखते का हे गुरूनेच आधी विचारावे.