निमाडचा गांजा : काढणीपूर्वीची प्रत आणि आजचा कायदा

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर वसले आहे. सिद्धनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे या गावाची ख्याती असून नदीपलीकडे हरदा जिल्ह्यातील हंडिया आहे. संस्थानांच्या विलीनीकरणापूर्वी नेमावर होळकरांच्या इंदूर संस्थानात होते, तर पैलतीर ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात मोडत असे. येथून प्रवाहाच्या दिशेने खाली गेले की निमाडचा प्रदेश लागतो. याच निमाडातील खंडवा तहसील एकेकाळी सरकारी परवान्याने होणाऱ्या गांज्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होती.

गांजा, भांग आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. भांग म्हणजे पाने, चरस म्हणजे राळ आणि गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे तुरे. लिनियसने 1753 मध्ये या वनस्पतीला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे शास्त्रीय नाव दिले, तर भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून लामार्कने 1785 मध्ये ‘कॅनाबिस इंडिका’ ही वेगळी जात मानली. गोव्याचा या अभ्यासाशी संबंध त्याहूनही जुना आहे. गार्सिया द ऑर्ता यांच्या, 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या औषधी वनस्पतींवरील पोर्तुगीज ग्रंथात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे.

प्रत कशी ठरत असे

या वनस्पतीत नर आणि मादी झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात व परागकण वाऱ्यावाटे पसरतात. परागण झाले की मादी झाडाची शक्ती बी पोसण्याकडे वळते, राळ कमी धरते आणि तुरे बियांनी भरतात. असा माल हलका गणला जाई. त्यामुळे गांज्याची प्रत कापणीच्या दिवशी नव्हे, तर त्याआधीच्या काही आठवड्यांत ठरत असे. परागकण सुटण्यापूर्वी नर झाडे ओळखून ती मुळासकट उपटणे, हेच त्या काळातले सर्वांत कौशल्याचे काम होते. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव भागात या कामासाठी खास जाणकार नेमत. त्यांना ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ म्हणत. हेमचंद्र केर यांनी 1877 च्या आपल्या अहवालात बंगालमधील या लागवडीची व व्यापाराची सविस्तर नोंद केली आहे.

एका शेतकऱ्याने कितीही दक्षता घेतली, तरी शेजारच्या शेतात राहिलेले एखादे नर झाड त्याचे पीक बिघडवू शकत असे. साहजिकच लागवड मोजक्या गावांत एकवटणे शेतकऱ्याच्याही सोयीचे होते आणि अबकारी खात्याच्याही. मध्य प्रांताने परवान्याची लागवड खंडवा तहसिलीपुरती मर्यादित केली व माल खंडव्याच्या सरकारी कोठारात जमा होऊ लागला. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होत असे. कर वजनावर आकारला जात असल्याने काड्या आणि बी यांचे वजन व्यापाऱ्याला महाग पडे. बंगालमध्ये तर चपटा, गोल आणि चूर या प्रकारांसाठी कराचे दर निरनिराळे होते.

आयोग आणि त्यानंतर

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये या व्यवहारावर प्रश्न उपस्थित झाल्यानंतर 1893 मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमण्यात आला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सदस्यांत तीन भारतीय होते. आयोगाने 1,193 साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. शिवभक्तीशी या वनस्पतीचा असलेला संबंध आणि संस्थानी मुलखातील लागवड यांचाही विचार अहवालात आहे. संपूर्ण बंदीऐवजी परवाना, कर आणि मर्यादित क्षेत्र यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

ही व्यवस्था विसाव्या शतकात संपुष्टात आली. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर भारताने अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ कायदा, 1985 संमत केला आणि तो 14 नोव्हेंबर 1985 पासून अमलात आला.

गोव्यासाठी याचा अर्थ

भाड्याच्या घरांत दिव्यांच्या प्रकाशात वाढवलेली झाडे पोलिसांनी जप्त केल्याच्या घटना गोव्यात घडल्या आहेत. बंद खोलीत बाहेरचे परागकण येत नाहीत आणि प्रकाश व तापमान हवे तसे राखता येते, त्यामुळे प्रतीची जुनी अडचण तेथे उरत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र प्रतीला काहीही महत्त्व नाही. गांज्याच्या व्याख्येतून तुऱ्यांविना असलेली पाने व बी वगळली आहेत. त्यामुळे भांगेसाठी झाड लावणे चालते, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. कलम 20 नुसार कॅनाबिसचे कोणतेही झाड विनापरवाना लावणे हाच गुन्हा असून त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जवळ बाळगलेल्या गांज्याची शिक्षा वजनानुसार ठरते. एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि वीस किलोंपेक्षा अधिक व्यापारी मानले जाते. लागवडीच्या गुन्ह्याला अशी पायरी नाही.

घरमालकांनीही दोन तरतुदी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आपली जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यास कलम 25 खाली मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. आपल्या जमिनीवर बेकायदा लागवड असल्याची माहिती तत्काळ देण्याचे बंधन कलम 46 ने जमीनधारकावर घातले आहे.

वैद्यकीय, वैज्ञानिक व औद्योगिक कारणांसाठी मात्र परवान्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे. उत्तराखंडने 2018 मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला मुभा दिली. जम्मू येथील भारतीय समवेत औषध संस्थेत औषधी उपयोगासाठी संशोधन चालते. याच संस्थेच्या सूचनेवरून गोव्यात औषधी लागवडीचा प्रस्ताव पुढे आला व डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या कायदा खात्याने त्याला अनुकूलता दर्शवली. मात्र विरोध झाल्यानंतर तो पुढे सरकला नाही.

या क्षेत्रात ‘प्रत’ या शब्दाचा अर्थही बदलला आहे. खंडव्याचा पारखी राळ, वास आणि बी पाहून माल ठरवत असे. औषधासाठी प्रत्येक झाडातील द्रव्यांचे प्रमाण सारखे असावे लागते. त्यात बुरशी, कीटकनाशके व जड धातू नाहीत, याची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी लागते. ही वनस्पती मातीतील जड धातू सहज शोषून घेते आणि बुरशीचे सूक्ष्म कण रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसांना घातक ठरू शकतात. या दोषांची खात्री डोळ्यांनी पाहून किंवा वास घेऊन पटत नाही. त्यामुळे चोरून पिकवलेल्या मालाच्या उत्तम प्रतीविषयी विक्रेत्याने केलेल्या दाव्याला कसलाही आधार नसतो.