मनाला विचारलेले प्रश्न

आत्मपरीक्षण हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. दिवसाच्या अखेरीस आपल्या मनाची झडती आपणच घ्यावी, ही शिकवण संतवाङ्मयात ठायी ठायी आढळते. परंतु ठरावीक प्रश्न कागदावर छापावेत, उत्तरांना गुण द्यावेत आणि त्या गुणांच्या बेरजेवरून मनाच्या स्थितीचा अदमास घ्यावा, ही पद्धत अलीकडची होय. तिचा जन्म युद्धाच्या निकडीतून झाला.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखाली हजारो सैनिकांची मने खचली. अंगावर जखम नाही, तरी हात कापतात, वाचा बसते, झोप उडते, अशी त्यांची अवस्था होई. चार्ल्स मायर्स या इंग्रज वैद्यकाने १९१५ साली आपल्या लेखात या अवस्थेसाठी 'शेल शॉक' हे नाव वापरले. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा अशा आघाताने कोलमडण्याचा संभव असलेले तरुण भरतीच्या वेळीच ओळखावेत, असा विचार पुढे आला. प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत घेण्यास वैद्यकांना सवड नव्हती. म्हणून कोलंबिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी ११६ प्रश्नांचा एक तक्ता तयार केला. झोप नीट लागते काय, नदीवरील पूल ओलांडताना अस्वस्थ वाटते काय, अशा प्रश्नांना केवळ 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर द्यावयाचे होते. तक्ता सर्रास वापरात येण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्ध थांबले. पद्धत मात्र टिकली. तिचा मूळ हेतू चाळणीचा होता, हे विसरता येत नाही. उत्तर देणाऱ्याचे दुःख हलके करणे हे त्या कागदाचे काम नव्हते.

पुढे १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातील हॅथवे आणि मॅकिन्ली यांची सुमारे साडेपाचशे विधानांची व्यक्तिमत्त्वचाचणी प्रसिद्ध झाली. माणूस स्वतःविषयी सदैव खरे सांगतोच असे नाही, हे तिच्या कर्त्यांनी ओळखले होते. बहुतेक सर्वांत असणारे बारीकसारीक दोषही जो नाकारतो, त्याचा पडताळा घेणारी विधाने त्यांनी चाचणीतच पेरली. तथापि दुसरी एक उणीव राहिली. निरोगी कोणास म्हणावे, हे ठरविण्यासाठी त्यांनी मुख्यतः रुग्णालयात आप्तांना भेटावयास आलेल्या मिनेसोटातील गौरवर्णीय लोकांची उत्तरे प्रमाण धरली. एका प्रांतातील माणसांची रीत ही साऱ्या मानवजातीची मोजपट्टी झाली. १९८९ साली सुधारलेली आवृत्ती निघाली, तेव्हा अधिक विविध लोकसमूहांची उत्तरे तिच्यात घेण्यात आली.

याच काळात चाचणीचे दुसरे, गोड बोलणारे रूपही लोकप्रिय होऊ लागले. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी युंग यांच्या सिद्धांताच्या आधारे माणसांचे १६ प्रकार पाडले. त्या दोघींनी मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते; शिवाय तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी देते, तेव्हा पुष्कळदा निराळ्याच प्रकारात मोडते. तरीही अशी वर्णने माणसास पटतात. असे का घडते, हे १९४८ साली बर्ट्रम फोरर या अध्यापकाने दाखवून दिले. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचे व्यक्तिचित्र' म्हणून एक कागद दिला. ५ पैकी सरासरी ४.२६ गुण देऊन विद्यार्थ्यांनी ते वर्णन अचूक ठरविले. वास्तविक सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो बहुतांशी बाजारातील एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता! वर्तमानपत्रातील राशिभविष्य ज्या कारणाने खरे वाटते, त्याच कारणाने पुष्कळशा चाचण्याही खऱ्या वाटतात.

म्हणून सर्व प्रश्नावल्या टाकाऊ ठरतात काय? मुळीच नाही. १९९९ साली स्पिट्झर, क्रोएन्के आणि विल्यम्स यांनी पुढे आणलेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत उदासी, निद्रानाश, थकवा, अन्नावरील वासना उडणे हे किती वेळा घडले, एवढेच ती विचारते. प्रत्येक उत्तरास ० ते ३ गुण असून एकूण गुण २७ असतात. १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास वैद्यकाकडे जावे, असा संकेत आहे. रोगाचे निदान मात्र वैद्यकानेच करावयाचे असते. नववा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला 'कधीच नाही' याखेरीज दुसरे उत्तर आले, तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

राहिला प्रश्न भाषेचा. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९०च्या दशकात झिंबाब्वेतील हरारे येथे काम करीत होते. तेथील शोना भाषिक लोक आपल्या मनोव्यथेला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, असे म्हणत. पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचे हे शब्दच आधारास घेऊन १४ प्रश्नांची प्रश्नावली रचली आणि ती १९९७ साली प्रसिद्ध केली. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेच्या उभारणीतही पटेल यांचा वाटा होता. गोव्यातील १२ शासकीय आरोग्यकेंद्रांत व १२ खाजगी दवाखान्यांत प्रश्नावलीने रुग्ण ओळखून, खास शिकवून तयार केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी त्यांना समुपदेशन केले. शासकीय केंद्रांतील रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. प्रश्नापाठोपाठ आधार देणारा माणूस उभा राहिला, हे या प्रयोगाचे मर्म होय.

मॉरिशसच्या मराठी समाजाने हा धडा ध्यानी घेण्यासारखा आहे. मुंबई बंदरातून गिरमिटावर आलेल्या पूर्वजांनाही पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरील खूण हे सारे नोंदवहीत उतरले. पुढे छायाचित्रही आले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत मनासाठी रकाना नाही. घर सोडून आलेल्या त्या माणसाला रात्री झोप लागते काय, हे विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. सोसावे आणि बोलू नये, ही सवय अशा घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली, यात नवल ते काय!

आज तो प्रश्न विचारता येतो. घरातील वृद्धा 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणणार नाही. 'जिवाला घोर लागला आहे', 'मन थाऱ्यावर नाही', 'छातीत धडधडते' असे ती म्हणेल. छापील प्रश्नावली त्या बोलीत समजावून सांगणारे कोणी जवळ असावे, आणि उत्तर ऐकल्यावर तिला दवाखान्यापर्यंत सोबत करणारेही असावे. गुणांची बेरीज कागदाने करावी; तिच्याजवळ बसून ऐकून घेण्याचे काम मात्र घरच्या माणसांचेच आहे.