जुना कॅसेट डेक आणि मुंबईचे बाजार

कॅसेट डेकमध्ये अँप्लिफायर नसतो आणि स्पीकरही नसतो. फितीवरचा आवाज वाचून, किंवा फितीवर आवाज भरून, तो तारेने अँप्लिफायरपर्यंत पोचवायचा एवढेच त्याचे काम. त्यामुळे डेक घेणाऱ्याकडे बाकीचा संच आधीच असावा लागतो. रेडिओ किंवा टू-इन-वन कोणीही घेऊन जाई. डेकचे गिऱ्हाईक मात्र पहिल्यापासून मोजकेच राहिले. हे मोजके गिऱ्हाईक मुंबईत कुठे भेटते, याचे उत्तर गेल्या अर्धशतकात वेळोवेळी बदलत गेले.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट मांडली. जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या संथ गतीने सरकत असल्याने तिच्यातून येणारी खरखर मोठी होती, आणि सुरुवातीला ती बोलण्याच्या नोंदीपुरतीच योग्य मानली जाई. खरखर कमी करणारी डॉल्बी बी पद्धत आणि क्रोमियम डायॉक्साइडची फीत १९७० च्या सुमारास आल्यावर कॅसेट संगीतालाही चालेल हे दिसून आले. १९७३ मध्ये जपानच्या नाकामिची कंपनीने ‘१०००’ हा तीन हेडचा डेक काढला. पुसणे, भरणे आणि वाजवणे यांसाठी स्वतंत्र हेड असल्याने भरलेला आवाज त्याच क्षणी ऐकून तपासता येऊ लागला. याच कंपनीचा १९८२ चा ‘ड्रॅगन’ फितीच्या तिरकेपणाप्रमाणे हेड आपोआप जुळवून घेई. अकाई, पायोनियर, टेक्निक्स, सोनी आणि टीॲक यांचे डेक त्याच काळातले.

भारतात त्या वेळी परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढलेल्या आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे परतताना सामानातून असे संच आणत. दुसरी वाट चोरट्या आयातीची होती. क्रॉफर्ड मार्केटजवळचे मुसाफिरखाना व मनीष मार्केट आणि हाजी अलीचे हीरा पन्ना ही ठिकाणे ‘फॉरेनच्या माला’साठी प्रसिद्ध होती. नवा डेक सरळ मार्गाने मिळत नसल्याने वापरलेल्या डेकलाही चांगली मागणी असे. रेकॉर्डवरची गाणी गिऱ्हाइकाच्या यादीप्रमाणे कोऱ्या कॅसेटवर भरून देणारी दुकाने त्या काळात गल्लोगल्ली निघाली होती. दिवसभर न थकता चालणारा डेक त्यांच्या धंद्याचे भांडवलच होता. घरचा डेक विकायचा असेल, तर हे दुकानदार चांगले गिऱ्हाईक ठरत.

यंत्रे वाढली तशी दुरुस्तीही वाढली. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा मोठा बाजार झाला. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे. हेड, मोटर, रबरी पट्टा, पिंच रोलर, आयसी असे भाग येथे मिळत, आणि ते बसवणारे मेकॅनिकही आसपास असत. बंद पडलेला पीस घेऊन, चालू करून विकणे हा येथला जोडधंदा होता. डेकची खरी किंमत ठरवणारा माणूसही हाच: हेड किती झिजले आहे आणि पट्टा बदलून काम भागेल का, हे झाकण उघडताच त्याला कळे.

१९९० नंतर सीडी, मग एमपी थ्री आली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि परदेशी मालाचे अप्रूपही संपले. माळ्यावर गेलेले डेक भंगारवाल्याकडून चोर बाजारात येऊ लागले. मटन स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांतला हा बाजार एकोणिसाव्या शतकापासूनचा. ग्रामोफोन, घड्याळे, कॅमेरे यांच्या रांगेत आता डेकही मांडले गेले. दर शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणाऱ्या बाजारात तर माल तपासायला वीजही नसते. मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि धातूची पेटी यांवरून भाव बोलला जातो. या बाजारात घेणाऱ्याचे नशीब उघडण्याची शक्यता असते. विकणाऱ्याच्या हाती मात्र भंगाराहून थोडेच जास्त पडते.

इंटरनेटने ही स्थिती पालटली. २००० मध्ये सुरू झालेले मुंबईचे बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने विकत घेतले. ईबेचे भारतातले संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले आणि जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीसाठी ओएलएक्ससारखी ठिकाणे उरली. मॉडेलचे नाव टाकताच जगभरचा भाव दिसू लागल्याने ‘जुना डबा’ म्हणून माल उचलणे व्यापाऱ्याला अवघड झाले.

मागणीही नव्याने वाढली. आज बनणारे बहुतेक कॅसेट प्लेअर साध्या यंत्रणेचे असतात आणि त्यांत डॉल्बीची सोय नसते. डॉल्बीत भरलेली फीत नीट ऐकायची तर जुना डेकच लागतो. खासगी मैफलींची, कीर्तनांची, नाटकांची ध्वनिमुद्रणे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत कॅसेटवरच आहेत. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या प्रकाशकांच्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी जपणारे रसिकही आहेत. हे सारे संगणकावर उतरवून घेणारे लोक आणि संग्राहक मिळून आजचे गिऱ्हाईक बनते.

हे गिऱ्हाईक काही गोष्टी आवर्जून पाहते. तीन हेड असलेला डेक दोन हेडच्या डेकपेक्षा महाग जातो. जपानमधील घरगुती वापराचे मॉडेल १०० व्होल्टवर चालते. ते आपल्याकडच्या २३० व्होल्टला थेट जोडले तर जळते. म्हणून व्होल्टेज बदलण्याचा खटका असलेल्या निर्यात मॉडेलला पसंती मिळते. वर्षानुवर्षे पडून असलेल्या यंत्रातला रबरी पट्टा सैल पडतो किंवा वितळून चिकट होतो. तो बदलायला खर्च थोडा येतो, पण न बदलल्यास चांगला डेकही ‘बंद’ ठरतो.

यावरून विक्रीचा क्रम ठरतो. नामांकित डेक आधी जाणत्या मेकॅनिककडून चालू करून घ्यावा. मग मॉडेल क्रमांक, मागच्या बाजूवरील व्होल्टेजची पट्टी आणि हेड यांची छायाचित्रे देऊन ऑनलाइन जाहिरात करावी, आणि गिऱ्हाइकाला घरी बोलावून वाजवून दाखवावे. जड यंत्र कुरिअरने पाठवण्यात मोडतोडीचा धोका असतो. दुरुस्तीचा खर्च परवडणार नसेल तर लॅमिंग्टन रोडचा मेकॅनिक सुट्या भागांसाठी तो घेण्याची शक्यता असते. चोर बाजार हा शेवटचा पर्याय: जुना डेक शोधायला उत्तम, विकायला नाही.